एकाच वर्गात दोन जावा

आमच्या घरात एमबीए करायचं पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते. नंतर ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही, म्हणून सांगते.

माझा नवरा जहाजावर असतो. वर्षातले बरेच महिने समुद्रात, उरलेले महिने घरी झोपून. आमचं घर भाट्याच्या पुलापलीकडे, मागे हापूसची बाग आणि बाजूला पेट्या भरायची शेड. सासरे आपल्या बागेचा आणि शेजारच्या दोनतीन बागांचा आंबा वाशीला पाठवायचे. त्यातला चांगला माल मुंबईचा एक एजंट आखातात पाठवायचा, पेट्यांवर स्वतःचं नाव छापून. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच हंगामात मी ते नाव बघितलं आणि मला ते खुपलं. आंबा आमचा, खत आमचं, राखण आमची आणि नाव त्याचं. तेव्हापासून माझ्या मनात होतं की आपण आपल्या नावाने आंबा बाहेर पाठवायचा, आणि ते काम मी करायचं.

रत्नागिरीत एका कॉलेजात शनिवार-रविवारचा नवा कोर्स निघाला. एमबीए आणि इंटरनॅशनल बिझनेस, दोन्ही एकत्र, दोन वर्षांत. मी सासऱ्यांना विचारलं. ते अंगणात सुपाऱ्या उलटत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "शीक की. आमची काय हरकत?" इतक्या सहज हो म्हणाले म्हणून मला कोण आनंद झाला. त्याच महिन्यात त्यांनी शेडच्या कडेला एक छोटी खोली बांधायला घेतली. निर्यातीचं बघायला घरातलं कुणीतरी बसायला हवं, असं गवंड्याला सांगताना मी ऐकलं. म्हणजे माझ्यासाठीच, असं मी धरून चालले. विचारलं मात्र नाही. घरच्यांना न सांगता कळतं, अशी माझी समजूत होती.

कोर्स सुरू व्हायच्या आधी दिराचं लग्न झालं. धाकटी जाऊ पुण्याची. उंच, चुणचुणीत, बोलताना समोरच्याच्या डोळ्यात बघणारी. आल्यावर आठवड्याभरातच, मी फॉर्म भरत होते तेव्हा माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "ताई, मी पण येऊ का? एकटी घरी काय करू?" मी काही बोलायच्या आत सासूबाई आतून म्हणाल्या, "घेऊन जा गो तिला. दोघी एकाच गाडीवर जाल."

तर अशा आम्ही दोघी जावा एकाच स्कूटरवरून एकाच वर्गात जायला लागलो. गाडी मी चालवायची. ती मागे बसून शेंगदाणे खायची.

वर्गातल्या गोष्टी मला मनापासून आवडल्या. एफओबी म्हणजे काय, हे सरांनी शिकवलं तेव्हा मी मनात हसले. माल जहाजावर चढला की विकणाऱ्याची जबाबदारी संपली. माझा नवराही एफओबीच होता. एकदा जहाजावर चढला की सासूबाई त्याच्या खाण्यापिण्याची काळजी कंपनीवर सोडून द्यायच्या. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाची पावती, हा शब्द वर्गात बाकीच्यांनी पहिल्यांदा ऐकला. मी तो नवऱ्याकडून शंभरदा ऐकलेला होता. मला वाटलं, इथे तरी मी पुढे असणार.

पण धाकटी पुढे गेली. मी पहाटे उठून वाचायचे, समासात लिहायचे, रविवारच्या पेपरचा अभ्यास शुक्रवारपासून धरायचे. ती आदल्या दिवशी संध्याकाळी माझंच पुस्तक मागून घ्यायची, पाय हलवत दोन तास चाळायची आणि माझ्यापेक्षा जास्त मार्क घ्यायची. सादरीकरणाला उभी राहिली की हातात चिठ्ठी नसायची. मी बोलायला उभी राहिले की आमचा हेल यायचा. दापोलीकडची दोन पोरं मागच्या बाकावर बसायची, त्यांचं बोलणंही माझ्यासारखंच, तरी तीही हसायची. सर एकदा म्हणाले, "मुद्दा उत्तम आहे, पण बोलण्यात सफाई हवी. तुमच्या जाऊबाईंकडून शिका." घरी येईपर्यंत माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. ती मागून म्हणत होती, "ताई, सर काहीही बोलतात. तुमचा मुद्दा माझ्यापेक्षा भारी होता." तिने समजूत काढल्यावर मला आणखीनच राग आला. हेवा वाटणाऱ्या माणसाला शत्रू निदान वाईट वागणारा तरी मिळावा.

घरातही तेच. मी तीन वर्षं बांगडे साफ करत होते, कुणी एका शब्दाने कौतुक केलं नाही. हिने नाकाला रुमाल लावून वाटीभर कोलंबी सोलली तर सासूबाईंनी ती बातमी शेजारीपाजारी पोहोचवली. पुण्याची असून बघा कशी शिकतेय म्हणे. सासरे तिच्या बोलण्याची नक्कल करायचे, "अय्या, किती गोड आंबा!" आणि ती खळखळून हसायची. माझी नक्कल त्यांनी कधी केली नाही. मी घरातली होते, नक्कल करण्याजोगं माझ्यात काही नवीन नव्हतं. ती मागायची आणि तिला मिळायचं. पंख्याखालची जागा, माहेरी जायची परवानगी, सासऱ्यांच्या फोनवरून परदेशी व्यापाऱ्याशी दोन शब्द बोलायची संधी. तोंड उघडून मागायला तिला लाज कशी वाटत नाही, याचं मला नवल वाटायचं.

दुसऱ्या वर्षी शेवटच्या सत्रात प्रत्येकाने एक प्रकल्प करायचा होता. माझ्या डोक्यात तो केव्हापासून तयार होता. एक दिवस कॉलेजातून परतताना, भाट्याच्या पुलावर, मीच तिला सांगितला. आपल्या घरचा आंबा आपल्या नावाने, मधला एजंट वगळून, थेट आखातातल्या दुकानदाराला. पुलावर वारा असतो, त्यामुळे मागच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. म्हणजे माझी कल्पना मी अक्षरशः ओरडून दुसऱ्याला दिली.

मला वाटत होतं, आधी कागदावर नीट मांडू, आकडे बसवू, मग बाबांना दाखवू. ती तसं करत नाही. त्याच संध्याकाळी चहा पिताना ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, ताईंची एक भन्नाट कल्पना आहे. आपला आंबा आपणच पाठवू या ना. माझा मावसभाऊ दुबईला आहे, तो दुकानवाल्याला विचारेल." माझं नाव तिने घेतलं, अगदी आधी घेतलं. पण चार दिवसांत दुकानवाल्याचा होकार आला तो तिच्या फोनवर, आणि त्यानंतर घरात त्याला सगळे 'धाकटीची कन्साइनमेंट' म्हणायला लागले. कॉलेजात तो तिचा प्रकल्प झाला. मी कोकमाच्या बाजारपेठेवर चाळीस पानं लिहिली. ती कुणी वाचली असतील असं मला वाटत नाही.

एप्रिल आला. शेडमध्ये आंबा उतरायला लागला. बाहेर जाणारा माल वेगळा निवडायचा, वजन सारखं, देठ सारखा, डाग नको. ती सगळ्या बायकांमध्ये बसून फळं पुसत होती, मोबाइलवर फोटो काढून दुबईला पाठवत होती. मीही पुसत होते. हात आंब्यावर आणि डोळे तिच्यावर.

आमच्याकडे हंगामातली पहिली पेटी अशीच बंद करत नाहीत. पेटीला हळदकुंकू लावायचं, फळांवर आंब्याची हिरवी डहाळी ठेवायची, मग झाकण. नंतर घरातला कर्ता पुरुष देवाला गाऱ्हाणं घालतो आणि शेडमधली माणसं त्याला होकार भरतात. कुंकू लावायचा आणि डहाळी ठेवायचा मान थोरल्या सुनेचा. माझ्याआधी तो सासूबाईंचा होता. मी आले त्या वर्षापासून माझा.

त्या दिवशी सासूबाई कुंकवाची वाटी घेऊन आल्या आणि माझ्यासमोरून पुढे गेल्या. धाकटीच्या हातात वाटी ठेवून म्हणाल्या, "या वेळी तू लाव गो. माल तुझा आहे."

मी उभीच राहिले. शेडमधल्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि बघत नाही असं दाखवत होत्या. धाकटीने पदर सारखा केला, घरात पहिल्यांदा कुणीतरी पाटावर बसवावं तशी ती लाजली, आणि वाकून पेटीला कुंकू लावलं. मग सासूबाईंनी तिच्या हातात डहाळी दिली.

तेव्हा मला सरांचा तास आठवला. झाडपाल्याच्या तपासणीचा तास, जो मी शब्दन् शब्द उतरवून घेतला होता. सर म्हणाले होते, निर्यातीसाठी आपण कीड नसल्याचं प्रमाणपत्र मागतो ते फळाचं. त्यात हिरवं पान निघालं की तपासणी करणारा माणूस पुढचं काही बघत नाही. पानाला चिकटून कीड जाते, म्हणून पानासकट माल अडकतो.

"ती डहाळी आत नको," मी म्हणाले.

सगळे थांबले.

"का?" सासूबाई म्हणाल्या.

"पान चालत नाही परदेशी. तपासणीत माल अडेल. आम्हाला शिकवलंय."

मी खरं तेच बोलत होते. पण माझा आवाज कसा होता ते मला ऐकू येत होतं. तो मालाची काळजी करणाऱ्या बाईचा आवाज नव्हता. मी पुढे होऊन तिच्या हातातली डहाळी ओढूनच घेतली. माझ्या हातातून काढून घेतलेला मान मला कुणाच्याच हातात बघवत नव्हता. नियम खरा होता, आणि तो त्या क्षणी मला फार सोयीचाही होता.

सासूबाईंचा चेहरा उतरला. "इतकी वर्षं ठेवतोय, आंबा कधी परत आला नाय. आजच बरा तुला नियम आठवला," त्या म्हणाल्या. बायकांमधली एक हळूच हसली. मी धाकटीकडे बघितलं. तिने त्याच विषयात वर्गात सर्वांत जास्त मार्क मिळवले होते. ती बोलली असती तर सगळ्यांनी ऐकलं असतं. ती खाली बघत राहिली. सासूबाईंनी माझ्या हातातून डहाळी काढून परत तिला दिली, तिने ती फळांवर ठेवली, झाकण लागलं.

सासऱ्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आज ही पोर तुजा नाव घेऊन पयली पेटी भायेर धाडतंय, तिच्या वाटेत काय आडकाठी असंल ती दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणाले, ओठांनी.

चौथ्या दिवशी दुपारी, मालाबरोबर गेलेल्या दिराचा मुंबईहून फोन आला. विमानतळाआधीच्या तपासणीत त्यांनी पहिलीच पेटी उघडली होती. पान निघालं, पानाखाली खवले कीड निघाली. बाकीच्या पेट्या कुणी उघडूनही बघितल्या नाहीत. सगळा माल परत. गाडी वळवून वाशीला नेली आणि मिळेल त्या भावाला दिला. दुबईच्या दुकानदाराने मावसभावाला सांगितलं, पुढच्या वर्षी बघू.

मला आनंद झाला का? झाला. एखाद्या मिनिटापुरता झाला, आणि ते मिनिट फार गोड होतं. मग सासऱ्यांचं तोंड बघितलं आणि तो गेला. आंबा माझ्याही बागेचा होता.

संध्याकाळी सगळे अंगणात बसले होते. दीर मुंबईतच होता. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. माझंच बरोबर होतं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यामुळेच माझा राग येत होता. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "नाट लागला." कुणामुळे ते बोलल्या नाहीत.

मी उठून आत जाणार तेवढ्यात धाकटी बोलली.

"आई, ताईंना काही म्हणू नका. मला माहीत होतं."

"काय म्हाईत होतं?" सासरे म्हणाले.

"पान चालत नाही ते. मी पेपरात लिहिलं होतं. ताई बोलल्या तेव्हाही मला माहीत होतं की त्या बरोबर आहेत." तिने सासूबाईंकडे बघितलं. "पण आईंनी वाटी पहिल्यांदा माझ्या हातात दिली होती. सगळ्या बायका बघत होत्या. मला इथे येऊन दोन वर्षं होत आली, सगळे माझं कौतुक करतात, पाहुणीचं करावं तसं. घरातली कामं ताईंना सांगतात, घरातलं भांडणही ताईंशीच करतात. त्या दिवशी मला वाटलं, आता मी इथली झाले. ती डहाळी मला हातातून सोडवेना."

ती रडायला लागली. सासूबाई उठल्या, तिला जवळ घेतलं, पदराने तिचं तोंड पुसलं. मी खांबापाशी उभी होते. तिला माझ्या वाटणीच्या कामांचा हेवा वाटत होता, माझ्या वाटणीच्या भांडणांचा! ऐकून मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण मी बघत होते तो तिच्या पाठीवरून फिरणारा सासूबाईंचा हात. चूक तिची, आणि तरी जवळ तिलाच घेतलं होतं.

सासरे उठून तिच्याजवळ आले. मग म्हणाले, "खरा बोललीस, पोरी. धंद्यात चूक सगळ्यांच्याच हातून होते, पण तोंडावर कबूल करणारा माणूस मिळत नाय. शेडची खोली आता तयार हाय. जूनपासून तिथं तू बस. भायेरचा सगळा तू बघ."

तेवढं बोलून त्यांनी विषय संपवला. माझी दोन वर्षं, पहाटेची पुस्तकं, पहिल्या हंगामापासून मनात धरून ठेवलेलं ते काम, सगळं एका वाक्यात दुसऱ्याच्या पदरात पडलं. नेहमीप्रमाणे मी आत निघून गेले असते, भांडी जरा जोरात आपटली असती आणि कुणाला तरी कळेल म्हणून वाट बघितली असती. त्या दिवशी पाय हललेच नाहीत.

"बाबा, ते काम मला हवंय," मी म्हणाले.

त्या घरात मी स्वतःसाठी मागितलेली ती पहिली गोष्ट. सासऱ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते गोंधळले.

"तुला?" ते म्हणाले. "तुला कशाला गो?"

"मी त्याच्यासाठीच शिकले ना."

"मग आधी का नाय बोललंस?" त्यांच्या आवाजात खरंच नवल होतं, थोडा अपराधीपणाही होता. "घोव जहाजावर, तुजा वेळ जात नाय, म्हणून तू शिकतंस, असा वाटला मला."

धाकटीने सासूबाईंच्या खांद्यावरून डोकं वर केलं. "बाबा, ताईंनाच द्या," ती म्हणाली. तिने ते मनापासून म्हटलं, हे मला तेव्हाही कळलं. पण तिच्या हातून, तिच्या मोठ्या मनाने, मला ते नको होतं. मी नको म्हणाले. सासऱ्यांनीही दिलेला शब्द फिरवला नाही.

निकाल लागला तेव्हा ती वर्गात पहिली आली, मी चौथी. जुलैत मी एमआयडीसीतल्या एका निर्यातदाराकडे नोकरीला लागले, परदेशी मालाच्या कागदपत्रांची. घरात आठवडाभर कुणी धड बोललं नाही. नवऱ्याने जहाजावरून फोन करून सांगितलं, तुला पटतंय ना, मग कर. स्कूटर मी नेते. धाकटीला कुठे जायचं नसतंच, शेड दाराशी आहे.

आता हंगामात आमच्या कंपनीचा आणि तिचा माल एकाच गाडीने मुंबईला जातो. रत्नागिरीत गाड्या कमी, तिथे वैर धरून चालत नाही. गाडी कंपनीच्या फाटकात आली की मी आधी कागद बघत नाही, चढून मागची ताडपत्री उचलते. तिच्या पेट्यांवर आमच्या घराचं नाव छापलेलं असतं, ठळक अक्षरात, जसं मला हवं होतं तसंच. मी त्या पेट्या मोजते. दर वर्षी जास्त असतात. मग ताडपत्री खाली सोडते आणि दुसऱ्याच्या नावाच्या पेट्या चढवायला सांगते.